नवी वसाहत, पहिला पावसाळा : आधी कशाकडे बघायचं?

ओसरी

मंडळी, शहराच्या कडेला नव्याने वसणाऱ्या भागात आम्ही राहायला आलोय. आमचं घर बांधून झालंय, शेजारचे प्लॉट मोकळे, समोर एका इमारतीचा सांगाडा आणि त्याच्या मागे डोक्याएवढं गवत. रस्ता आखलाय, डांबर नाही. दिव्यांचे खांब आलेत, पेटतो फक्त कोपऱ्यावरचा. नकाशावर आमच्या गल्लीच्या जागी अजून रान दिसतं, त्यामुळे सामान घेऊन येणारा प्रत्येक माणूस फोन करतो आणि मी त्याला "निळ्या पत्र्याच्या कुंपणापासून डावीकडे" असं सांगते. मध्यंतरी ते कुंपणच काढून नेलं, आता दुसरी खूण शोधतेय.

हा तक्रारींचा धागा नाही. वारा येतो, आकाश दिसतं, मुलं संध्याकाळी मोकळ्या रस्त्यावर सायकली हाणतात. फक्त पावसाळा तोंडावर आलाय आणि जो भेटेल तो वेगळं सांगतोय. कुणी म्हणतं अंगण फरसबंद करून टाका, कुणी म्हणतं आधी गच्ची, कुणी म्हणतं झाडं लावा. सगळं एकदम होणार नाही. उष्ण कटिबंधात अशा अर्ध्यामुर्ध्या वसाहतींत ज्यांनी दिवस काढलेत त्यांनी सांगा.

रातकिडा

रुमाल टाकून ठेवतो. आमचंही हेच चाललंय. भर म्हणून, ऐन सुट्टीच्या दुपारी फरशा कापायचं मशीन.

खडीवाळू

ओसरीताई, बांधकामात आयुष्य गेलंय म्हणून थोडं लांबण लावतो.

कशालाही हात लावण्याआधी एक जोराची सर येऊ द्या आणि छत्री घेऊन बाहेर पडा. पाणी कुठून येतं, कुठे थांबतं आणि शेवटी कुठे जातं हे गल्लीच्या टोकापर्यंत चालत जाऊन बघा. कागदावरचे उतार आणि जमिनीवरचे उतार यांची नवीन वसाहतीत क्वचितच गाठ पडते.

हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तुमचं छप्पर १०० चौरस मीटर धरा. उष्ण कटिबंधात तासाभरात ५० मिलिमीटर पडणं ही काही जगावेगळी गोष्ट नाही. म्हणजे एकट्या छपरावरून तासाला ५,००० लिटर. आता हे पाणी तुमच्या पन्हळीतून खाली येऊन शेजारच्या मोकळ्या प्लॉटमध्ये जातंय. आज तिथे माती आहे, गवत आहे, जिरतं. दोन वर्षांनी तिथे घर होईल, अंगणात काँक्रीट होईल, आणि त्यांचे ५,००० लिटर अधिक तुमचे ५,००० एकत्र रस्त्यावर येतील. नव्या भागात पहिली दोन-तीन वर्षं "आमच्याकडे कधी पाणी तुंबत नाही" असं सगळे छाती फुगवून सांगतात ते याच मोकळ्या प्लॉटांच्या जिवावर.

म्हणून अंगण सरसकट फरसबंद करू नका. गाडीच्या चाकांपुरत्या दोन पट्ट्या करा, बाकी खडी किंवा माती राहू द्या.

दुसरं, जोत्याची पातळी. आज रस्ता मुरमाचा आहे. त्यावर खडी येईल, डांबर येईल, काही वर्षांनी आणखी एक थर येईल. जुना थर खरवडून काढायचा कंटाळा सगळीकडे सारखाच. ज्यांनी आजच्या रस्त्यापासून मोजून जोतं घेतलं त्यांच्या फाटकातून पुढे पाणी आत येतं. ज्यांचं अजून बांधायचंय त्यांनी अंतिम रस्त्याची पातळी लेखी मागून घ्यावी.

तिसरं, क्रम. मलवाहिनी, पावसाचं गटार, पाण्याची लाईन, केबल, आणि मग डांबर. हा क्रम उलटा झाला की नवा रस्ता सहा महिन्यांत खणला जातो आणि बुजवलेला चर पहिल्या पावसात खचतो. तुमच्याकडे डांबर अजून पडलेलं नाही हे एका अर्थी बरं आहे. आत्ताच विचारा, खाली काय काय टाकायचं राहिलंय.

माझाप्लॉट

काका, सगळं मान्य, पण प्रत्येकाने आपलं बघावं. आम्ही सरळ तीन फूट भर टाकून प्लॉट उचलला. पाण्याचा थेंब आत येत नाही. विषय संपला.

शंकासूर

तुमचा संपला. शेजाऱ्याचा सुरू झाला.

माझाप्लॉट

शेजाऱ्यांनीही टाकावी भर. कुणी अडवलंय?

खडीवाळू

टाकतील ना. मग त्यांच्या पलीकडचे टाकतील. शेवटी सगळ्यात खाली उरतो तो रस्ता, आणि वसाहतीतली सगळी घरं कोरडी असूनही कुणाला घराबाहेर पडता येत नाही. असे भाग मी बघितलेत.

भर टाकू नका असं मी म्हणत नाही. सखल जागेत घर बांधायचं तर जोतं उंच हवंच. पण घराखालची जागा उचला, सगळा प्लॉट नको, आणि मूळ उताराची वाट मोकळी ठेवा. पाणी पूर्वी जिथून वाहत होतं ती वाट भर टाकून नाहीशी होत नाही, ते शेजारून नवी वाट काढतं. बऱ्याच लेआउटमध्ये एक बारीक ओहोळ असतो, उन्हाळ्यात कोरडा, नकाशावर नसतोच. कुठे होता ते शोधायचं असेल तर जुने गुराखी विचारा, नाहीतर पहिल्या पावसानंतर रात्री बेडूक कुठे ओरडतात ते ऐका.

ताजी भर असेल तर तिच्या उघड्या उतारावर वाळा लावा. त्याची मुळं आडवी पसरण्याऐवजी सरळ खाली जातात, तीन मीटरपर्यंतही, आणि माती धरून ठेवतात. उष्ण कटिबंधात रस्त्याकडेच्या कापलेल्या दरडींवर तो यासाठीच लावतात.

मृद्गंध

पाण्याचा दुसरा भाग मी सांगते, माझं काम आरोग्यखात्यातलं.

बांधकाम सुरू असलेल्या वसाहतीइतकी डासांना सोयीची जागा नाही. क्युरिंगसाठी (ताजं काँक्रीट ओलं ठेवण्यासाठी) साठवलेलं पाणी, लिफ्टचा खड्डा, उघडी पिंपं, स्लॅबवर साचलेली तळी, सिमेंटच्या फाटक्या पिशव्या. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला गटाराचं घाण पाणी नको असतं, त्याला असंच बऱ्यापैकी स्वच्छ, साचलेलं पाणी लागतं. उबदार हवेत अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस पुरतात. म्हणून सगळीकडे "आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करा" असं सांगतात, तो आठवडा या हिशोबातून आलाय.

पण नुसतं पाणी ओतून भागत नाही. ही डासीण अंडी पाण्याच्या पातळीच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर कडेला चिकटवते. ती अंडी कोरडी पडून कित्येक महिने टिकतात आणि पुन्हा पाणी चढलं की फुटतात. पिंपाची आतली बाजू ब्रशने घासायलाच हवी.

रातकिडा

धुराची गाडी फिरवून घेतली तर?

मृद्गंध

धूर त्या क्षणी उडत असलेल्या डासांना मारतो. अळ्या पाण्यात निवांत असतात, आणि घरात कपाटामागे बसलेल्या डासापर्यंत तो पोहोचतच नाही. शिवाय गाडीचा आवाज ऐकून लोक खिडक्या लावून घेतात. साथ सुरू असताना त्याचा थोडा उपयोग आहे, एरवी "काहीतरी केलं" एवढं समाधान.

जिथे पाणी काढताच येत नाही, म्हणजे लिफ्टचे खड्डे, शोभेची तळी, तिथे गप्पी मासे किंवा बीटीआय. बीटीआय हा जिवाणू १९७६ मध्ये इस्रायलच्या नेगेव वाळवंटातल्या एका डबक्यात सापडला. डासाच्या अळीने तो खाल्ला की ती मरते, माणसाला आणि माशांना त्याचा त्रास नाही.

आणि हे सगळं घराघरातून करावं लागतं. एडिस सहसा काही शे मीटरच्या पलीकडे जात नाही. तुम्हाला चावणारा डास बहुतेक तुमच्याच गल्लीत जन्मलेला असतो. १९०१ मध्ये हवानात पीतज्वर आटोक्यात आला तो असाच: अमेरिकन लष्करी डॉक्टर गॉर्गस यांची माणसं घरोघर जाऊन पाण्याची पिंपं झाकत होती, डबक्यांवर तेल ओतत होती. त्याच डासाचा रोग, तेच काम.

खिडकीतून

+१. आमच्या गटात मात्र कुणालाही ताप आला की बोट थेट मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांकडे. "त्यांच्यामुळे डास झाले." अहो, त्यांना नळ कुणी दिला नाही म्हणून ते पिंपं भरून ठेवतात. आपलंच घर बांधायला ते तिथे राहतात, आणि डास आधी त्यांना चावतो.

माझाप्लॉट

प्रत्येक गोष्टीत हे आणायलाच हवं का?

खिडकीतून

ताप आणतोय, मी नाही.

मृद्गंध

खिडकीतून यांच्याशी सहमत. ठेकेदाराकडून झाकणाच्या टाक्या आणि एक नळ मिळवला तर गल्लीतला निम्मा प्रश्न सुटतो, असा माझा कामातला अनुभव. एडिस दिवसा चावतो, सकाळी आणि सूर्य मावळायच्या आधी जास्त. तेव्हा मच्छरदाणी रात्रीपुरतीच नाही, दुपारी झोपणाऱ्या बाळांनाही लावा. मजुरांच्या बाळांनाही.

निवांतआजोबा

ओसरी, गच्चीचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

उष्ण कटिबंधात, म्हणजे दोन्ही बाजूंच्या साडेतेवीस अंशांच्या आत, सूर्य वर्षातून दोनदा थेट डोक्यावर येतो. त्यामुळे घरात शिरणाऱ्या उष्णतेचा मोठा वाटा छपरातून येतो, नंतर पश्चिमेच्या आणि पूर्वेच्या भिंती. दक्षिण-उत्तर भिंतींना छोटी पडवी पुरते, कारण तिथे ऊन वरून येतं. पश्चिमेचं ऊन आडवं येतं, त्याला छज्जा अडवू शकत नाही, तिथे झाड, वेल किंवा उभ्या पट्ट्यांचा पडदा लागतो. तुमच्या समोरचा सांगाडा पश्चिमेला असेल तर तो पूर्ण झाल्यावर तुम्ही त्याचे आभार मानाल.

काँक्रीटची स्लॅब दिवसभर ऊन पिते आणि रात्री ते खोलीत सोडते. "संध्याकाळी बाहेर गार आणि आत भट्टी" असं नवे रहिवासी म्हणतात ते म्हणूनच. गच्चीवर पांढरा परावर्तक लेप हा सगळ्यात स्वस्त उपाय. पण आधी ओल बंद करा, मग लेप. उलटं केलं तर लेपाचे पापुद्रे निघतात.

पंखा, इन्व्हर्टर वगैरे घेताना एक लक्षात ठेवा. शिसे-आम्लाची बॅटरी २५ अंशांच्या वर साधारण दर दहा अंशांना आपलं निम्मं आयुष्य गमावते. जिन्याखालच्या बंद कोनाड्यात किंवा गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. सगळे तिथेच ठेवतात.

शंकासूर

आजोबा, आणि बुरशी? कपाटातले चामड्याचे बूट हिरवे झालेत.

निवांतआजोबा

कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढ. नव्या बांधकामाच्या भिंतींत पाणी असतं, ते सुकायला एक-दोन मोसम जातात, आणि दमट हवेत त्याहून जास्त. घाईघाईत चकचकीत ऑइलपेंट मारला की ते आत कोंडतं आणि रंगाला फोड येतात. पहिलं वर्ष साधा, हवा जाऊ देणारा रंग लावून काढावं. कपडे घरात वाळत घालणार असशील तर खिडकी उघडी ठेव, ते सगळं पाणी त्याच हवेत जातं.

ओसरी

सगळ्यांचे आभार. झाडांबद्दल मतं द्या ना. सावलीसाठी पटकन वाढणारं काहीतरी लावावं असं सगळ्यांचं म्हणणं आहे.

पानगळ

पटकन वाढणारं झाड पटकन मोडतंही. मूळचा मादागास्करचा गुलमोहर आणि मूळचा अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातला वर्षावृक्ष, दोन्ही देखणे, दोन्हींची मुळं उथळ पसरतात. चार फुटांच्या पदपथाच्या पट्टीत, काँक्रीटने गळा आवळून लावले तर वादळात फांद्या गाड्यांवर येतात. मोठ्या बागेच्या मध्यभागी खुशाल लावा. वड-पिंपळाच्या जातीची झाडं मलवाहिनीजवळ अजिबात नकोत, चेंबरच्या फटीतून मुळं आत जातात. घराजवळ लहान देशी झाडं, जी तुमच्या भागात आपणहून उगवतात ती.

आणि एक सावधगिरी. विकत आणलेली माती, कुंड्या, रोपं यांच्याबरोबर मोठी आफ्रिकन गोगलगाय येते. नव्या वसाहतींत ती पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात दिसायला लागते, एकेका खेपेला शेकड्यांनी अंडी घालते. १९६६ मध्ये एका मुलाने हवाईहून मायामीला तीन आणल्या, आजीने त्या बागेत सोडल्या. सात वर्षांत १८,०००हून जास्त सापडल्या, आणि १९७५ मध्ये कुठे त्यांचा नायनाट झाला. हातमोजे घालून वेचा, कारण तिच्या अंगात उंदराच्या फुफ्फुसातल्या कृमीची पिल्लं असू शकतात आणि ती माणसाच्या मेंदूपर्यंत जातात. मुलांना हातात घेऊ देऊ नका. पालेभाज्या नीट धुवा.

रातकिडा

तिला खाणारं काही सोडता येत नाही का?

पानगळ

सोडून झालंय. पॅसिफिकमधल्या बेटांवर, १९७०च्या दशकात फ्रेंच पॉलिनेशियातही, दुसरी एक शिकारी गोगलगाय मुद्दाम आणून सोडली. तिने आफ्रिकन गोगलगायीकडे फारसं लक्ष दिलं नाही, तिथल्या बारक्या मूळच्या गोगलगायी खाऊन संपवल्या. वेचणं हाच मार्ग. पाऊस पडून गेल्यावर रात्री टॉर्च घेऊन.

मृद्गंध

विहीर किंवा बोअर असेल त्यांच्यासाठी, विसरायच्या आत. मैलाचं पाणी मुरवणारा शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून निदान १५ मीटर तरी लांब हवा, आणि उताराच्या खालच्या बाजूला. तुम्ही अंतर पाळलंत, पण शेजाऱ्याचा खड्डा तुमच्या बोअरला चिकटून असेल तर काय उपयोग? प्लॉट लहान असलेल्या वसाहतीत प्रत्येकाने आपापल्या कोपऱ्यात विहीर आणि खड्डा खणला की नेमकं असं होतं. सगळ्यांचे खड्डे एका बाजूला, विहिरी दुसऱ्या बाजूला, असं गल्लीने मिळून ठरवावं लागतं, आणि घरं कमी आहेत तोवरच ते ठरवता येतं.

पावसाळ्यात भूजल वर आलं की शोषखड्डा मुरवणं थांबवतो. संडासातलं पाणी हळूहळू उतरायला लागलं तर पाईप चोंदला असं समजून रसायनं ओतू नका, आधी पाणी किती वर आलंय ते बघा. पाणी दिसायला स्वच्छ असलं तरी तपासून घ्या. शंका असेल तर खळखळून एक मिनिट उकळा. क्लोरीन वापरत असाल तर पाण्यात टाकून अर्धा तास थांबा, मगच प्या.

माझाप्लॉट

एक प्रामाणिक प्रश्न. ही गल्लीने मिळून ठरवायची भाषा ठीक आहे, पण आमच्या रांगेतले निम्मे मालक इथे राहतच नाहीत. प्लॉट घेऊन ठेवलेत फक्त. त्यांच्या गवतात काय काय आहे देव जाणे. त्यांना कसं आणायचं टेबलावर?

खडीवाळू

हा खरा मुद्दा काढलात. न राहणाऱ्या मालकाला पाण्याची पर्वा नसते, किमतीची असते. "तुमच्या प्लॉटवर पाणी साचतं, माती वाहून जातेय, हद्दीचे दगड उखडलेत" असं फोटोसकट कळवा, उत्तर येतं. नुसतं "गवत कापा" म्हटलं तर येत नाही.

आणि जे राहतात त्यांनी आधी जमा. पाच घरांनी मिळून विचारलेला प्रश्न पाच वेगवेगळ्या तक्रारींपेक्षा लवकर हलतो.

ओसरी

कालच्या सरीत छत्री घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले. गटार बांधलेलं आहे, चांगलं रुंद आहे, वर झाकणंही आहेत. पण टोकाला ते एका मोकळ्या प्लॉटच्या कुंपणभिंतीपाशी संपतं. पुढे काहीच नाही. पाणी भिंतीला आपटून परत फिरत होतं आणि तिसऱ्या घराच्या फाटकापर्यंत आलं होतं. भिंतीपलीकडे साधारण कमरेएवढ्या खोलीवर एक घळ दिसते, तिथे उतार आहे.

भिंतीला भोक पाडून पाईप टाकायला शेजारचे तयार आहेत. एका दिवसाचं काम, म्हणतात.

माझाप्लॉट

टाका. पाऊस थांबत नाही.

खडीवाळू

थांबा. ती घळ म्हणजेच बहुतेक जुना ओहोळ, त्यामुळे दिशा बरोबर आहे. पण दोन गोष्टी आधी. त्या घळीच्या खालच्या अंगाला कोण राहतं ते जाऊन बघा, नाहीतर तुमचं तुंबलेलं पाणी तुम्ही फक्त पुढे ढकलाल. वस्ती असेल तर पाईपच्या तोंडाशी दगडांचा थर आणि पाणी थोपवणारा उथळ खड्डा हवा, म्हणजे ते वेगाने खाली जाणार नाही. आणि पाईप गटाराच्या मापाचा घ्या. हाताशी होता म्हणून चार इंची पाईप टाकला की तो पहिल्याच दिवशी पाल्याने भरतो.

दुसरं, परवानगी. भिंत प्लॉटमालकाची आहे, त्याचं लेखी हवं. गटार आणि रस्ता अजून विकासकाकडेच असतील तर त्याचं, स्थानिक संस्थेकडे सोपवले असतील तर तिचं. सोपवले की नाही हे आधी विचारा, कारण दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतील. गटाराचं शेवटचं तोंड मंजूर नकाशात कुठे दाखवलंय त्याची प्रत मागा. ते त्याच घळीत दाखवलेलं निघालं तर भोक पाडायचा खर्चही तुमचा नाही.

ओसरी

प्रत मागितली. मंगळवारी या म्हणालेत. तोवर तिसऱ्या घरापाशी वाळूच्या पिशव्या लावतोय, कुणाकडे रिकाम्या पिशव्या असतील तर समोरच्या सांगाड्यातल्या मुकादमाकडे आणून द्या, त्यांची माणसं भरून देणार आहेत.